वेग सोडला की वळण सुटते

वाचकहो, या सदरातून आपण आजवर बहुधा जमिनीवरच्या वाटांविषयी बोललो. आज पाण्यावर जावयाचे आहे, आणि तेही पुष्कळ दूर. परंतु विषय अगदीच परका मानू नका. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलगा वा मुलगी आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोकरीनिमित्त राहत असते. उन्हाळ्यात आईवडील तिकडे जातात, नातवंडांना सुट्टी असते, आणि एके सायंकाळी जावई म्हणतात, "आई, यंदा आपण सगळे मिळून बोटीने बर्म्युडाला जाऊ या." न्यूयॉर्क वा न्यू जर्सीच्या धक्क्यावरून निघालेली प्रचंड प्रवासी बोट सुमारे दोन रात्री समुद्रात काढून त्या बेटांना लागते. बंदरात दिवस मोकळा असतो. मग कोणीतरी एक रंगीत पत्रक पुढे करतो : मार्गदर्शकासह जेट स्कीची सहल. नातू उड्या मारू लागतो. आजी मात्र शांतपणे विचारतात, "अरे, पण हे आहे तरी काय?"

आजींचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सहलीच्या घाईत नेमका तोच मागे पडतो. म्हणून आपण त्याचे उत्तर आधी पाहू. बेटांची शोभा नंतर.

जेट स्की म्हणजे पाण्यावरची मोटरसायकल, असे सर्रास सांगितले जाते. दिसावयास ती तशीच आहे. लांबट बैठक, पुढे धरावयास दांडा, चालविणारा पुढे आणि सोबती मागे. १९६८ साली कॅनडातील बोम्बार्डिअर कंपनीने बसून चालवावयाचे असे यंत्र 'सी-डू' या नावाने विक्रीस आणले. १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने उभे राहून चालवावयाचे यंत्र काढले आणि त्यास 'जेट स्की' हे नाव दिले. नाव एका कंपनीचे. पण वनस्पती तुपाला जसे घरोघरी 'डालडा' म्हणू लागले, तसे ते सगळ्याच यंत्रांना चिकटले.

मात्र मोटरसायकलची ही उपमा जितकी सोपी तितकीच घातक आहे. मोटरसायकलला चाके असतात, चाकांना ब्रेक असतो, आणि इंजिन बंद पडले तरी दांडा वळविला की गाडी वळते. जेट स्कीला यांपैकी काहीच नाही. तिच्या तळाशी एक जाळी असते. आतला पंखा त्या जाळीतून समुद्राचे पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोटीतून ते मोठ्या जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे गेले की यंत्र पुढे जाते. तोंड न बांधता सोडून दिलेला फुगा ज्या नियमाने खोलीभर धावतो, तोच हा नियम. आपण दांडा डावीउजवीकडे करतो तेव्हा वळते ती मागची तोटी. पाण्याची धार जिकडे वळावी त्यावरून यंत्राचे तोंड फिरते. बोटीला असते तसे सुकाणू येथे नसते. धार हेच सुकाणू.

आता यातून काय निष्पन्न होते ते पाहा. समोर अचानक दुसरे यंत्र, पोहणारा मनुष्य किंवा खडक दिसला. आपण घाबरलो. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप ढिला पडतो आणि वेगाची कळ सुटते. कळ सुटताच धार थांबते. धार थांबताच दांडा कितीही फिरवा, यंत्र वळत नाही. ते आपल्या अंगच्या वेगाने सरळ, ज्या वस्तूला चुकवावयाचे तिच्याच अंगावर जाते. ताशी ५० किलोमीटर वेग असेल तर एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापले जाते. म्हणजे "अरे, अरे" म्हणेपर्यंत एका मोठ्या घराची लांबी संपते. या खेळातील टकरींचे हे एक मुख्य कारण आहे. अलीकडच्या काही यंत्रांत वेग रोधण्याची सोय असते. काहींत कळ सोडल्यावरही थोडे वळविता येते. परंतु भाड्याने मिळालेले यंत्र त्यांपैकीच असेल असे धरून चालू नये, आणि तसे असले तरी रस्त्यावरच्या गाडीप्रमाणे ते जागच्या जागी थांबत नाही.

म्हणून आजचा पाठ एका वाक्यात सांगावयाचा तर असा : वेग सोडला की वळण सुटते. चुकवावयाचे असेल तर थोडी कळ दाबून ठेवूनच दांडा वळवावा. स्कूटर चालविण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा पाठ सर्वांत कठीण जातो, कारण त्यांच्या हातांना नेमकी उलट सवय असते. तो पाठ ऐकून पुरत नाही. हाताला लावून घ्यावा लागतो. मार्गदर्शकाने मोकळ्या पाण्यात नेल्यावर पहिली दहा मिनिटे त्याच्या संमतीने यातच घालवा. सावकाश डावे वळण घ्या, उजवे घ्या. मग कळ सोडून यंत्र आपोआप थांबण्यास किती अंतर घेते ते डोळ्यांनी पाहा. त्या अंतराची कल्पना एकदा मनात बसली, की पुढच्या यंत्रापासून किती लांब राहावे हे कोणी सांगावे लागत नाही.

धक्क्यावर असतानाच आणखी काही गोष्टी समजून घ्यावयास हव्यात. जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसले पाहिजे. खांद्याशी धरून कोणी वर ओढले असता ते हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे असे समजावे. चालविणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला एक दोरी अडकविलेली असते. तो पाण्यात पडला की दोरी निसटून इंजिन बंद होते. ही दोरी कधीही सोडू नये, छायाचित्र काढण्यापुरतीसुद्धा नाही. यंत्र उलटे झाले तर मागच्या बाजूस बाणाचे चिन्ह असते. त्याच दिशेने ते सरळ करावे, नाहीतर इंजिनात पाणी शिरण्याचा संभव असतो. पुन्हा चढावयाचे ते नेहमी मागून, आणि इंजिन बंद असतानाच.

एक सूचना संकोचामुळे पुष्कळ ठिकाणी सांगितली जात नाही, ती येथे स्पष्ट सांगतो. मागे बसलेली व्यक्ती पाठीमागे घसरून तोटीच्या धारेसमोर पडली, तर पाण्याचा जोर शरीरात शिरून आतील नाजूक इंद्रियांना गंभीर इजा होऊ शकते. पोहण्याचे साधे कपडे त्यापासून रक्षण करीत नाहीत. म्हणूनच कारखानदार यंत्रावर अशी सूचना लावतात की, पाणबुडे वापरतात तशी जाड रबरी विजार प्रत्येकाने घालावी. सहल देणाऱ्याकडे ती आहे काय, हे लाज न बाळगता विचारावे. मागे बसणाऱ्याने चालविणाऱ्याच्या कमरेला किंवा दिलेल्या पट्ट्याला घट्ट धरावे, आणि चालविणाऱ्याने मागच्या माणसाला न सांगता वेग वाढवू नये. साडी, ओढणी, बांगड्या आणि मंगळसूत्र बोटीवरच्या खोलीत सुरक्षित ठेवून यावे. चष्म्याला दोरी बांधावी.

इतके झाल्यावर मार्गदर्शकामागून निघा. बर्म्युडात त्याची गरज का, हे बेटांचा इतिहासच सांगतो. १६०९ साली इंग्लंडहून व्हर्जिनियाकडे निघालेले 'सी व्हेंचर' नावाचे जहाज वादळात सापडून येथल्या प्रवाळखडकांवर अडकले. सुमारे दीडशे माणसे किनाऱ्याला लागली, आणि तेथून या बेटांच्या वसाहतीचा आरंभ झाला. आजही बर्म्युडाच्या राजचिन्हावर खडकावर आपटणारे जहाज कोरलेले आहे. जो देश आपल्या मुद्रेवर जहाजफुटीचे चित्र मिरवितो, तेथे अनोळखी पाण्यात आपल्या मनाने यंत्र हाकू नये, हे वेगळे सांगावयास नको. पाणी वरून निळे, नितळ आणि खोल भासते. हातभर खाली प्रवाळ असतो. त्याच्यावर आपण आदळलो तर आपल्याला इजा होते, आणि शतकानुशतके हळूहळू वाढलेला तो जीवसमूहही क्षणात मोडतो. उष्ण सागरप्रवाहामुळे इतक्या उत्तरेस टिकून राहिलेल्या या प्रवाळासाठी तेथील सरकारने १९६६ सालीच संरक्षणाचा कायदा केला.

मार्गदर्शक पुढे असतो आणि बाकीची यंत्रे एका ओळीत मागे. हाताच्या खुणा तो किनाऱ्यावरच शिकवितो, कारण पाण्यावर इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. ओळ मोडू नये, पुढच्याला मागे टाकू नये, पुढच्या यंत्राच्या लाटेवरून उडी घेऊ नये. पाठीच्या कण्याला इजा होते ती बहुतेक अशा उड्यांतच. तरुण मुलांना ओळीतून जाणे कंटाळवाणे वाटते. त्यांना एवढेच सांगावे की, ओळीचा वेग सर्वांत सावकाश जाणाऱ्यावर ठरतो, आणि आज तो सावकाश जाणारा कदाचित तुझा बाबाच असेल.

आता त्या पाण्यावरून काय दिसते ते पाहू. मोठ्या बोटी लागतात ती जागा म्हणजे बेटांच्या पश्चिम टोकावरील जुनी आरमारी गोदी. १८०९ साली ब्रिटिशांनी तिच्या बांधकामास आरंभ केला. १८२३ पासून १८६३ पर्यंत इंग्लंड-आयर्लंडहून आणलेल्या हजारो कैद्यांनी येथे दगड फोडले. ते राहत असत मोडकळीस आलेल्या जहाजांच्या पोटात, आणि त्यांतील पुष्कळजण पिवळ्या तापाने येथेच मेले. ज्या भिंतीच्या सावलीत आपण जाकीट घालतो, ती अशी उभी राहिली आहे.

गोदीपासून निघून पश्चिम अंगाने दक्षिणेकडे गेले की मॅन्ग्रोव्ह बे नावाची शांत खाडी लागते, आणि पुढे डॅनियल्स हेड हे टोक. तेथे पाण्यातून एका लोखंडी जहाजाचे नाक वर आलेले दिसते. हे 'व्हिक्सन'. १८६५ साली पाण्यात उतरलेली ही चिलखती युद्धनौका १८९६ साली ब्रिटिशांनी स्वतःच येथे बुडविली. शत्रूच्या टॉर्पेडो सोडणाऱ्या लहान नौकांनी या अरुंद मार्गाने गोदीवर येऊ नये, म्हणून वाटेतच ही मोळी घातली. येथे मार्गदर्शक इंजिने बंद करावयास सांगतो. आवाज थांबतो, आणि माशांचे थवे गंजलेल्या लोखंडाभोवती फिरताना दिसतात. सहलीतील सर्वांत चांगली पाच मिनिटे कोणती असे विचाराल, तर इंजिन बंद असलेली हीच.

वारा आणि भरती अनुकूल असली तर वाट ईलीज हार्बरमधून सॉमरसेट पुलाखालून जाते. जगातील सर्वांत लहान उघडझाप होणारा पूल म्हणून त्याची ख्याती आहे. मधली एक फळी उचलली की शिडाच्या होडीची डोलकाठी जाईल एवढीच फट पडते. पुलापलीकडे 'ग्रेट साउंड' हा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे, आणि त्यात लहान लहान बेटे. किनाऱ्यावरील घरांची छपरे पांढरीशुभ्र आणि पायऱ्यापायऱ्यांची दिसतात. बर्म्युडात नद्या नाहीत. छपरावर पडणारे पावसाचे पाणी घराखालच्या टाकीत साठवून लोक ते वर्षभर वापरतात. आपल्याकडे ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या माणसाने ही छपरे जरूर निरखून पाहावीत.

त्या लहान बेटांकडे पाहताना आपल्याच मातीची एक आठवण निघते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात पकडलेले साडेचार हजारांहून अधिक कैदी १९०१-०२ मध्ये ब्रिटिशांनी डॅरेल्स, बर्ट्स, टकर्स अशा या बेटांवर ठेवले होते. त्याच युद्धातील कैद्यांच्या दुसऱ्या तुकड्या हिंदुस्थानात पाठविण्यात आल्या, आणि त्यांची एक मोठी छावणी होती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. एकाच लढाईत हरलेला एक भाऊ अटलांटिकमधील बेटावर आणि दुसरा दख्खनच्या माळावर, असेही घडले असेल. जग इतके मोठे आहे आणि इतके जवळही.

येथवर वाचून काहीजण म्हणतील, "मग आम्ही जावे की जाऊ नये?" धडधाकट माणसाने, वरील गोष्टी समजून घेऊन, अवश्य जावे. पण ज्यांना पाठीचे वा मानेचे दुखणे आहे, हृदयविकार आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्या भगिनी गर्भवती आहेत, त्यांनी जाऊ नये. मद्य घेतलेल्याने चालवूही नये आणि मागे बसूही नये. मुलांच्या वयाची अट जागोजाग वेगळी असते. ती आधी विचारावी, आणि मुलाचे वय वाढवून सांगण्याचा मोह टाळावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलांच्या उत्साहाला विरजण लागेल म्हणून भीती वाटत असतानाही मागच्या बैठकीवर चढू नका. घाबरलेला सोबती चालविणाऱ्याचा तोलही घालवितो. "तुम्ही जा, मी येथे आहे," असे म्हणणारी आजी सहल बिघडवीत नाही. उलट ती सर्वांना सुखरूप परत आणण्याच्या कामी हातभार लावते. शिवाय ग्रेट साउंडचे तेच पाणी आणि तीच बेटे पाहण्यास गोदीपासून हॅमिल्टन या राजधानीच्या गावापर्यंत सरकारी फेरीबोट जाते. तिच्यात बसून आजी-आजोबांनी आपली वेगळी सहल करावी आणि रात्री जेवताना नातवाशी ताळा जमवावा.

आता थोडे व्यवहाराचे. परतताना पुन्हा अमेरिकेत प्रवेश करावयाचा असतो. तेव्हा आपला व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. प्रवासविम्याच्या कागदात अशा जलक्रीडांतील अपघात वगळलेले तर नाहीत ना, हे ओळ न ओळ वाचावे. सहीसाठी पुढे आलेल्या कागदात यंत्राच्या नुकसानीची भरपाई कोणी व किती द्यावयाची ते लिहिलेले असते. न वाचता सही करू नये. निघण्यापूर्वी यंत्रावरचे जुने ओरखडे मार्गदर्शकासमक्ष छायाचित्रात टिपून ठेवावेत. बोटीच्या कचेरीतून घेतलेली सहल लांबली तर बोट बहुधा खोळंबते. आपण बाहेर स्वतः ठरविलेली सहल लांबली तर ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी, निघण्याच्या वेळेला लागून अशी सहल ठेवू नये. न्यूयॉर्कपेक्षा बर्म्युडाचे घड्याळ एक तास पुढे असते. बोटीवर कोणती वेळ पाळली जाते ते सकाळीच विचारून मनगटावरचे घड्याळ त्याप्रमाणे लावावे.

घड्याळावरून आठवले. त्या जुन्या गोदीत दोन मनोरे आहेत आणि दोहोंवर घड्याळे आहेत. एकावर नेहमीची वेळ दिसते. दुसऱ्यावर दिसते ती भरतीची वेळ. कारण आरमाराच्या लोकांना माणसाची वेळ जितकी पाहावी लागे, तितकीच समुद्राचीही. सहलीला निघताना आपणही क्षणभर त्या मनोऱ्यांकडे पाहावे. पत्रक, जाहिरात आणि नातवाचा हट्ट हे सारे पहिल्या घड्याळाप्रमाणे धावत असतात. पाणी मात्र दुसऱ्याप्रमाणे चालते, आणि त्याला आपल्या घाईशी कर्तव्य नसते.

परदेशी जाण्याचा योग प्रत्येकालाच येईल असे नाही. पण हेच यंत्र आज तारकर्लीच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवरही फेऱ्या मारते, आणि तेथेही ते त्याच नियमाने चालते. पुढच्या सुट्टीत आपल्या घरचा कोणी त्याच्यावर बसावयास निघाला, तर त्याला आधी किनाऱ्यावर थांबवून विचारा : "समोर कोणी आडवे आले, तर कळ सोडशील की थोडी धरून वळशील?" उत्तर बरोबर आले, तर त्याला आनंदाने निरोप द्या. चुकले, तर जाऊ देण्यापूर्वी हे पान त्याच्या हाती द्या.